मेव्हण्यांना मंजुरी हवी

त्या धुलाई कारखान्यात मेव्हण्यांना मेव्हणे सोडून दुसरी हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. खरं म्हणजे ते एकट्या मालकांचे मेव्हणे, मालकीणबाईंचे पाठचे भाऊ. पण ड्रमवर काम करणारे, गाडीवाले, साबण पुरवणारे, हॉस्पिटलातल्या चादरी मोजून घेणाऱ्या सिस्टर, सगळ्यांचेच ते मेव्हणे झाले होते. बँकेतली नवी मुलगीसुद्धा एकदा म्हणाली, "मेव्हणे, इथे एक सही राहिलीय," आणि मेव्हण्यांनी मुकाट्याने सही केली. सगळ्या जगाचा मेव्हणा व्हायचं म्हटलं की चारचौघांची थट्टा सोसावी लागते. ती त्यांच्या अंगवळणी पडली होती.

अंगवळणी पडत नव्हतं ते एकच. दाजींचं "हं".

दाजी म्हणजे मालक. माणूस तसा देवमाणूस बरं का! कुणाचा पगार अडवला नाही, कुणाला वाईट बोलले नाहीत. पण उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून सरळ 'हो' किंवा सरळ 'नाही' निघालेलं कुणी ऐकलं नव्हतं. काहीही विचारा, मालक छताकडे बघणार आणि म्हणणार, "हं." झालं. पुढचं तुमचं तुम्ही बघा. त्या "हं"चा अर्थ लावायचं काम मेव्हण्यांकडे होतं आणि त्यात त्यांचा हातखंडा होता. नाकातून आलेलं "हं" म्हणजे घ्या. घशातून आलेलं म्हणजे थांबा. चहाच्या घोटाबरोबर आलेलं म्हणजे मी ऐकलंच नाही, पुन्हा विचारू नका.

अर्थ बरोबर लागला की सगळे म्हणायचे, मालकांची नजरच तशी! चुकला की मालक शांतपणे म्हणायचे, "मी कुठे हो म्हटलं होतं?" रोलरची मोठी इस्त्री अशीच एका नाकातल्या "हं"वर आली. आल्याच्या आठवड्यातच तिने एका हॉटेलचे झाडून सगळे टेबलक्लॉथ करपवले. तेव्हापासून घरी चार पाहुणे जमले की कुणीतरी इस्त्रीचा विषय काढायचं, मालक छताकडे बघून "मी कुठे हो म्हटलं होतं?" म्हणायचे, आणि सगळे मेव्हण्यांकडे बघून खो-खो हसायचे. मेव्हणेही हसायचे. करतात काय? बहिणीचं घर.

आता एवढं सोसलेल्या माणसाला एकच गोष्ट हवी होती. त्याला सुटायचं होतं. मेव्हण्यांच्या लेकीने दूरच्या गावी घर बांधलं होतं आणि खालची एक खोली आईबापांसाठी राखून ठेवली होती, बागेकडे दार असलेली. "बाबा, बास झालं, या आता," म्हणून ती मागे लागली होती. मेव्हण्यांनी दाजींना विचारलं, "दाजी, मी आता थांबू का? लेकीकडे जाऊन राहावं म्हणतो." दाजी म्हणाले, "हं." मेव्हण्यांनी आपलं सगळं कसब पणाला लावलं, पण हे "हं" नाकातलं की घशातलं तेच त्यांना कळेना. दुसऱ्या वर्षी विचारलं. "हं." तिसऱ्या वर्षी त्यांनी ताईला मध्ये घातलं. ताई म्हणाली, "मला तरी कधी उत्तर दिलंय त्यांनी? आमच्या लग्नाला हो म्हणाले ते त्यांचे वडील!"

शेवटी मेव्हण्यांच्या बायकोचा धीर सुटला. ती एकटीच लेकीकडे निघून गेली आणि जाताना कुकर घेऊन गेली. बायको बॅग घेऊन गेली तर नवरा समजतो, चार दिवसांसाठी गेली. कुकर घेऊन गेली म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं. रोज तिचा फोन यायचा, "बोललात का?" आणि रोज मेव्हणे म्हणायचे, "योग्य वेळ बघतोय." परवा तिने निर्वाणीचं सांगितलं. खोली किती दिवस रिकामी ठेवायची? भाडेकरू बघून गेलाय. एक तारखेच्या आत तुम्ही आलात तर खोली आपली, नाहीतर त्याची. "मग बसा जन्मभर तिकडेच हं-हं ऐकत," असं म्हणून तिने फोन आपटला.

तुम्ही म्हणाल, मग उठून चालू का पडले नाहीत? अहो, असं कसं चालू पडणार? उद्या चार पाहुण्यांत पुन्हा तेच ऐकायचं, "मी कुठे जा म्हटलं होतं?" मेव्हण्यांना नुसतं जायचं नव्हतं. त्यांना दाजींचा एक 'हो' घेऊन जायचं होतं. तेवढा त्यांचा हक्क होता, आणि तो सोडायला ते तयार नव्हते.

अशात कारखान्यात सॉफ्टवेअर आलं. मोठ्या हॉस्पिटलने अट घातली होती की तुमच्याकडे कोण काय मंजूर करतं ते कंप्युटरवर दिसलं पाहिजे, नाहीतर आमच्या चादरी दुसरीकडे जातील. ते शिकवायला सॉफ्टवेअरवाल्यांनी एक ट्रेनर मॅडम पाठवल्या. वयाने मेव्हण्यांच्या लेकीएवढ्या, गळ्यात ओळखपत्र, आणि उत्साह असा की पहिल्या दिवशी सगळे घाबरूनच गेले. घड्या घालायच्या खोलीत बाकं मांडली. पडदा नव्हता, म्हणून दोरीवर एक पांढरी चादर टाकली आणि तिच्यावर प्रोजेक्टर लावला.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "ज्याला जे हवंय त्याची विनंती इथे टाकायची. ती आपोआप पहिल्या माणसाकडे जाईल, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, आणि शेवटी मालकांकडे. ज्याच्याकडे येईल त्याने बटण दाबायचं. हे हिरवं, मंजूर. हे लाल..."

"डाग आहे," मावशी म्हणाल्या.

मावशी म्हणजे डाग विभागाच्या सर्वेसर्वा. रक्त, तेल, शाई, औषध, कुठलाही डाग त्यांनी नुसता वास घेऊन ओळखावा. त्यांच्या हाताखालून कपडा डागासकट बाहेर गेला, असं कधी झालं नव्हतं.

"कुठे डाग?" मॅडमनी विचारलं.

"तुमच्या हिरव्या बटणावर. चहाचा आहे."

चादरीवर खरंच डाग होता आणि तो नेमका 'मंजूर'वर आला होता. मॅडमनी प्रोजेक्टर जरा सरकवला, तर डाग लाल बटणावर गेला. मावशींचं काही शिकण्यात लक्ष लागेना. थोड्या वेळाने त्या उठल्या, "मला नाही बघवत," म्हणाल्या, आणि चालू वर्गातून चादर ओढून घेऊन गेल्या. चादरीमागे मिस्त्री बसले होते. कारखान्यातली सगळी मशीनं तेच दुरुस्त करायचे आणि दुपारी कुठेतरी आडोशाला बसून डुलकी काढायचे. उरलेला तासभर मंजुरीची सगळी पद्धत मिस्त्रींच्या पांढऱ्या बनियनवर दिसत होती. हिरवं बटण पोटावर होतं, त्यामुळे ते श्वासागणिक वरखाली होत होतं.

मेव्हणे मात्र डोळ्यांत तेल घालून बघत होते. वर्ग संपल्यावर ते हळूच मॅडमजवळ गेले. "एक विचारू? मालकांनी बटण दाबलंच नाही तर?"

"काका, असं नाही होत. सिस्टिम त्यांना सारखी आठवण करत राहते."

"आणि ते नुसतं हं म्हणाले तर?"

"हंचं बटणच नाहीये काका."

"नक्की?"

"नक्की."

मेव्हण्यांनी तिसऱ्यांदा विचारून खात्री करून घेतली. हंचं बटण नाही! त्या दिवशी घरी जाताना ते चक्क शीळ घालत गेले.

पण त्यांच्या आनंदावर विरजण पडायला फार वेळ लागला नाही. कारण मालक वर्गातले सगळ्यांत हुशार विद्यार्थी निघाले. रोज पहिल्या बाकावर, चष्मा पुसून तयार. हिरव्या आणि लाल बटणांच्या मध्ये तीन करडी बटणं होती: 'माहिती मागवा', 'परत पाठवा' आणि 'पुढे ढकला'. मॅडमनी ती समजावून सांगितली तेव्हा मालकांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की बघत राहावं. माणसाला आपलं हरवलेलं भावंड भेटावं तसं झालं त्यांना.

दोन दिवसांत त्यांनी धमाल उडवून दिली. धुण्याच्या पावडरीची विनंती गेली, तर विचारलं, "कुठली?" मेव्हण्यांनी लिहिलं, "नेहमीची." मालकांनी लिहिलं, "नेहमीची म्हणजे?" आणि परत पाठवली. हँगर हवे होते, ते पुढे ढकलले. मालक करतात म्हटल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात? मावशींनी ब्रश मागितले, ते मिस्त्रींकडे तपासायला गेले. मिस्त्रींनी विचारलं, "कशासाठी?" मावशींनी लिहिलं, "घासायला." मिस्त्रींनी विचारलं, "काय?" मावशींनी जे उत्तर लिहिलं ते सॉफ्टवेअरने स्वीकारलं नाही. मग त्यांनी मिस्त्रींचं तेल अडवून धरलं. ड्रम कुरकुरायला लागला, पावडरीच्या पोत्याचा तळ दिसायला लागला, आणि मॅडम कौतुकाने म्हणत होत्या, "सर किती मनापासून भाग घेतात!"

मेव्हण्यांनी कपाळाला हात लावला.

शेवटच्या दोन दिवसांसाठी मॅडमनी गृहपाठ दिला. प्रत्येकाने एक खरी विनंती टाकायची आणि तिचा निकाल लागेपर्यंत पाठपुरावा करायचा. "आणि एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या, "एकाच विनंतीवर ही मधली करडी बटणं सारखी सारखी नाही दाबता येत. ठरावीक वेळा दाबली की बंद होतात. मग हिरवं नाहीतर लाल."

मालकांच्या कपाळाला आठी पडली. आणि मेव्हणे तडक आपल्या टेबलावर जाऊन कंप्युटरसमोर बसले.

आधी ते राजीनामा टाकायला गेले. कंप्युटर म्हणाला, आपण या संस्थेचे कर्मचारी नाही. मेव्हणे दचकले, मग त्यांना उमगलं. खरंच होतं ते. इतकी वर्षं राबले, पण त्यांना कामावर ठेवतो असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. "दाजी, मी कारखान्यात येऊ का?" असं त्यांनी विचारलं होतं, दाजी "हं" म्हणाले होते, आणि दुसऱ्या दिवसापासून ते यायला लागले होते. म्हणजे जो कधी ठेवलाच नाही, तो सुटणार कसा? मेव्हण्यांनी पुढचे प्रकार बघितले. खरेदी. दुरुस्ती. प्रवासखर्च. आणि सगळ्यांत खाली होतं: 'जुनी यंत्रसामग्री काढून टाकणे'.

मेव्हण्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि भरायला घेतलं.

वस्तूचं नाव: मेव्हणे. ठिकाण: मालकांच्या केबिनबाहेर. सध्याची स्थिती: चालू, पण आवाज करते. काढून टाकण्याचं कारण: झिजली आहे आणि दुसरीकडे गरज आहे. केव्हापर्यंत: एक तारखेच्या आत.

आणि त्यांनी विनंती पाठवून दिली.

पहिला मुक्काम मिस्त्रींकडे, तपासणीसाठी. मेव्हण्यांना वाटलं होतं, मिस्त्री हसून बटण दाबतील आणि सोडून देतील. पण मिस्त्री टॉर्च आणि पाना घेऊन हजर झाले.

"अहो, दाबा ना बटण," मेव्हणे म्हणाले.

"वा! तपासल्याशिवाय शेरा मारायचा? मॅडमनी काय शिकवलंय?" मिस्त्रींनी त्यांना जिना चढायला लावला, उतरायला लावला, ओल्या टॉवेलांची गाठोडी उचलायला लावली. गुडघ्याला कान लावला. "बेअरिंग वाजतंय," ते गंभीरपणे म्हणाले. मग टेबलावर बसून एका बोटाने त्यांनी शेरा लिहिला: "गुडघ्यात वंगण कमी. बाकी बॉडी भक्कम. अजून दहा वर्षं सहज चालेल. काढून टाका असं सांगवत नाही, पण वस्तूची स्वतःची इच्छा आहे म्हणून पुढे पाठवतो." हिरवं बटण दाबून झाल्यावर ते जरा घुटमळले. "आम्हाला न सांगता निघाला होतात होय?" म्हणाले आणि पाना खिशात घालून निघून गेले.

दुसरा मुक्काम मावशींकडे. या वस्तूऐवजी काय व्यवस्था आहे, ते त्यांनी लिहायचं होतं. मावशींनी डोळे पुसत लिहिलं, "काहीही व्यवस्था नाही. पण त्यांची बायको कुकर घेऊन गेली आहे." आणि त्यांनीही हिरवं दाबलं.

मग विनंती गेली मालकांकडे.

मालकांच्या केबिनला काचेची भिंत होती आणि भिंतीला लागूनच मेव्हण्यांचं टेबल. काचेतून सगळं दिसायचं. मालकांनी विनंती उघडली. वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मग छताकडे बघितलं. मेव्हण्यांना मान वर करवेना. इतक्यात त्यांच्या कंप्युटरवर टिंग वाजलं. 'माहिती मागवा'.

"वस्तू केव्हा घेतली?"

मेव्हण्यांनी लिहिलं, "घेतली नाही. ताईच्या लग्नानंतर आपोआप आली."

टिंग. "पावती आहे का?"

"नाही. नुसतं हं होतं."

काचेपलीकडे मालकांनी खाकरल्यासारखं केलं. टिंग. "दुरुस्ती करून पाहिली का?"

"मोतीबिंदू काढला. दात बसवले."

टिंग. "तिकडे जाऊन वस्तू काय करणार?"

"नातीला शाळेत सोडणार. बायकोचं ऐकणार."

मालकांनी पुन्हा चष्मा पुसला. मग टिंग वाजलं. "इथे कुणाचं ऐकत नव्हती का?"

मेव्हण्यांनी कीबोर्डावर बोटं ठेवली, उचलली, परत ठेवली. आणि मनात होतं ते लिहून टाकलं: "इथे ऐकायला कधी काही मिळालंच नाही."

काचेपलीकडे मालकांनी ते दोनदा वाचलं. मग उठले, आणि जाताना विनंती पुढे ढकलून गेले. पुढच्या महिन्यात. म्हणजे एक तारखेनंतर. मेव्हण्यांना इतका संताप आला की त्यांनी कंप्युटरच्या उंदराला फटका मारला, आणि मग बिचाऱ्याला उचलून जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस. मॅडम मालकांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. "सर, गृहपाठातली तेवढी ही एक विनंती राहिलीय, काल पुढे ढकललेली. तिचा निकाल लागला की माझं काम झालं."

केबिनचं दार उघडं होतं. मेव्हणे बाहेर टेबलावर बसून एकच टॉवेल पुन्हा पुन्हा घडी घालत होते. मिस्त्री दाराच्या बिजागरीला तेल देत होते. बिजागरी मुळीच वाजत नव्हती. मावशी एक स्वच्छ चादर उजेडात धरून डाग शोधत होत्या आणि न सापडल्याने आनंदात होत्या असं काही दिसत नव्हतं.

मालकांनी 'माहिती मागवा' दाबलं. काहीच झालं नाही. 'परत पाठवा' दाबलं. तेही ढिम्म.

"सर, ती आता बंद झाली," मॅडम म्हणाल्या. "हिरवं नाहीतर लाल."

"हं," मालक म्हणाले.

"सर, हं नाहीये यात."

मालकांनी बाण लालवर नेला. तिथून हिरव्यावर नेला. परत लालवर. मालकांनी एकदा काचेतून बाहेर बघितलं, आणि डोळे मिटून हिरवं दाबलं.

मेव्हणे उभेच राहिले. पण पडद्यावर एक चौकट आली होती. 'वस्तूची अंदाजे किंमत भरा.'

"हे काय आता?" मालक म्हणाले.

"काहीतरी लिहावं लागतं सर. वस्तू काढून टाकताना तिची आजची किंमत."

"नको."

"रिकामं नाही चालत."

"मग शून्य..." मालक म्हणाले आणि स्वतःच हात मागे घेतला.

"शून्य लिहू नका हो!" बाहेरून मावशी ओरडल्या.

"मी कुठे लिहितोय!" मालक खेकसले. त्यांनी नवाच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते तिथेच दाबून धरलं. चौकट नवांनी भरत गेली, पार शेवटपर्यंत. पुढे जागा उरली नाही तेव्हा कुठे त्यांनी बोट उचललं. पडदा क्षणभर थांबला आणि लाल अक्षरं आली: 'एवढ्या किमतीची वस्तू काढून टाकता येत नाही. विनंती नामंजूर.'

मेव्हणे मटकन खाली बसले. झालं. संपलं. भाडेकरू आपली ट्रंक घेऊन त्या खोलीत शिरतोय असं त्यांना दिसायला लागलं. इतकी वर्षं वाट बघितली आणि शेवटी उत्तर दिलं ते एका यंत्राने.

"काही हरकत नाही सर," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "आपण नवी विनंती टाकू. किंमत फक्त थोडी कमी लिहू या."

"कमी?"

मालकांचा असा आवाज त्या कारखान्यात कुणी ऐकला नव्हता. मिस्त्रींच्या हातातली तेलाची डबी खाली पडली.

"किती कमी लिहू? सांगा ना! ती इस्त्री मला हवी होती. मला! कॅटलॉग मी आणलं होतं. नाकातून का होईना, हो म्हटलं होतं मी. आणि टेबलक्लॉथ करपले तेव्हा सगळं ह्याच्यावर ढकललं. एकदा नाही, दर वेळी. आणि हा चार पाहुण्यांत हसत बसला, माझा पडेल चेहरा कुणाला दिसू नये म्हणून. ह्याची किंमत कमी लिहू? माझ्या हातून नाही होणार. बंद करा ते."

मॅडमनी घाबरून खरंच कंप्युटर बंद करायला हात पुढे केला. मालक तोवर केबिनच्या बाहेर आले होते. मेव्हण्यांच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. आज त्यांनी छताकडे बघितलं नाही.

"हो," ते म्हणाले.

मेव्हण्यांना वाटलं, आपल्याला भास झाला. "काय, दाजी?"

"हो म्हटलं. जा तू लेकीकडे. एक तारखेच्या आत जा."

'नाही' म्हणाले तर काय काय सुनवायचं, ते त्यांनी इतकी वर्षं घोटून ठेवलं होतं. त्यातलं आता काहीच उपयोगाचं नव्हतं. "एवढंच म्हणायचं होतं ना," ते कसेबसे म्हणाले. "एवढ्यासाठी इतकी वर्षं लावलीत?"

"म्हटलं असतं तर गेला असतास," मालक म्हणाले. "नाही म्हणायला तोंड नव्हतं. आणि हो म्हणायची हिंमत नव्हती. नुसतं हं म्हटलं की तू राहायचास. म्हणून म्हणत राहिलो."

मेव्हण्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. हातातला टॉवेल तोंडाला लावून ते रडले, आणि मावशींनी पहिल्यांदाच कुणाला धुतलेल्या टॉवेलाला नाक पुसताना बघून काही म्हटलं नाही.

टेबलावरचा फोन वाजला. मेव्हण्यांनी उचलला खरा, पण "बोललात का?" ऐकताच त्यांना पुन्हा हुंदका आला. मालकांनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"वहिनी, मी बोलतोय. मी ह्याला पाठवतोय तिकडे."

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला. इतक्या वर्षांत तिने या माणसाच्या तोंडून एक अख्खं वाक्य ऐकलं नव्हतं. "हे बघा, कुणी थट्टा करत असेल तर आमच्या ह्यांना फोन द्या आधी."

"थट्टा नाही हो. मीच बोलतोय. मी हो म्हटलंय. काही कमीजास्त झालं तर मला विचारा, त्याला नको."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि हळूच प्रश्न आला, "कधी येतायत?"

मालकांनी मेव्हण्यांकडे बघितलं. मेव्हण्यांचा टॉवेल अजून तोंडावरच होता.

"रविवारी," मालक म्हणाले. "आपल्या चादरींच्या गाडीतून. मीच घेऊन येतो, सामानासकट."

केबिनच्या दारात मॅडम मघापासून अवघडून उभ्या होत्या. "सर," त्या म्हणाल्या, "मग सिस्टिममध्ये काय करू? तिथे अजून नामंजूरच दिसतंय."

"दिसू दे," मालक म्हणाले. "ते बरोबर आहे." आणि खुर्ची ओढून ते मेव्हण्यांच्या शेजारी बसले.